राग्ना ओपदालच्या नऊ उठाबशा

राग्ना ओपदाल जानेवारीत स्वयंपाकघरात पडली, हे व्हेस्टबी गावात सगळ्यांना ठाऊक होतं. दोन तासांवर, फार्गो शहरात राहणाऱ्या तिच्या मुलीला, मार्लिसला, तेवढं ठाऊक नव्हतं. तिला नऊ दिवसांनी कळलं, तेही वाणसामानाच्या दुकानदारीण बाईकडून. मार्लिसने लगेच फोन लावला.

"आई, तू पडलीस?"

"नाही गं. बसले."

"जमिनीवर?"

"हो."

"चार तास?"

"जमीन पुसलेली होती."

खरं तर टपालवाल्याने तिला खिडकीतून पाहिलं होतं. ती फ्रिजला टेकून, पाय पसरून बसली होती आणि रेडिओवर हवामान ऐकत होती. त्याला पाहून तिने हात हलवला. त्यानेही हलवला आणि तो पुढे गेला. दोन घरं पुढे गेल्यावर त्याच्या मनात आलं, की चौऱ्याऐंशी वर्षांची बाई जमिनीवर कशाला बसेल? तो परत आला, त्याने तिला काखेत हात घालून उठवलं, आणि राग्नाने त्याला कॉफी पाजली. कॉफी पिताना दोघं थंडीबद्दल बोलली. थंडी उणे अठ्ठावीस होती, त्यामुळे विषय पुरला.

व्हेस्टबीत अशीच रीत आहे. तिथे कुणी "कशी आहेस?" विचारलं तर "वाईट नाही" म्हणायचं. हात मोडला असला तरी "वाईट नाही," आणि लॉटरी लागली तरी "वाईट नाही." राग्नाचा नवरा सेल्मर मरणाच्या आदल्या दिवशी डॉक्टरांना तेच म्हणाला होता. सपाट मुलखातली माणसं ही. नजर जाईल तिथवर बीटची शेतं, त्यावर सहा महिने बर्फ, आणि वारा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न अडता जातो. इथे लपायला डोंगर नाही, झाड नाही. म्हणून माणसं शब्दांच्या आड लपतात आणि शब्दही मोजकेच वापरतात.

राग्ना चौतीस वर्षं गावच्या शाळेत स्वयंपाकीण होती. गावाच्या तीन पिढ्या तिच्या हातचं जेवल्या. चौतीस वर्षं ती भल्या मोठ्या पातेल्यांसमोर उभी राहिली आणि त्रेसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा दुपारची खाली बसली. तेव्हा तिला बसणं फार आवडलं. त्यानंतर एकवीस वर्षं ती बसली. उठणं ही वेगळी विद्या आहे, वापरली नाही तर विसरते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

फोन झाला त्या शनिवारी मार्लिस आली. मार्लिस शाळेत मुख्याध्यापिका होती. ती दारातून आत आली की घरातल्या खुर्च्यासुद्धा सरळ रांगेत झाल्यासारख्या वाटत. तिने टेबलावर एक रंगीत पुस्तिका ठेवली. 'मेपल टेरेस, ज्येष्ठांसाठी आनंदी निवास.' आत फोटो होते. पांढरे केस, पांढरे दात, आणि समोरच्या काकडी-टोमॅटोकडे बघून खदाखदा हसणारी म्हातारी माणसं.

"त्या काकडीत एवढं हसण्यासारखं काय आहे?" राग्नाने विचारलं.

"आई, विषय बदलू नकोस. घर विकायचं. तू फार्गोला यायचं."

"मी बरी आहे."

"तू चार तास जमिनीवर होतीस!"

"त्यातला शेवटचा अर्धा तास बरा गेला. गाणी लागली होती."

मार्लिसने डोळे मिटले. दहावीच्या वर्गात कुणी बेडूक सोडला की ती असेच डोळे मिटत असे. मग ती मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हणाली, "ठीक आहे. परीक्षा घेऊ."

परीक्षा काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, आरोग्य खात्यातल्या जोलीनची होती. जोलीन मंगळवार-गुरुवारी चर्चच्या तळघरात म्हाताऱ्यांचा खुर्चीवरचा व्यायाम घेत असे. तिची परीक्षा साधी होती. हात छातीवर आडवे धरायचे, खुर्चीवरून पूर्ण उभं राहायचं, पुन्हा बसायचं. तीस सेकंदांत किती वेळा होतं ते मोजायचं. हात लावला की भोपळा. राग्नाच्या वयाच्या बाईला किमान नऊ हवेत.

राग्नाने पहिल्या दिवशी पाच काढल्या.

"झावळ्यांच्या रविवारपर्यंत नऊ," मार्लिस म्हणाली. "ईस्टरच्या आदल्या रविवारी. प्रार्थना झाली की खाली तळघरात, माझ्यासमोर. नऊ झाल्या तर घर तुझं. नाही झाल्या तर मेपल टेरेस. कबूल?"

राग्नाने खिडकीबाहेर पाहिलं. सेल्मरने बांधलेलं पक्ष्यांचं घरटं, शेजाऱ्यांचं धान्याचं कोठार, आणि मग काही नाही, आकाशापर्यंत. या काही-नाहीची तिला सवय झाली होती. मेपल टेरेसच्या खिडकीतून मोटारी लावायची जागा दिसत होती, पुस्तिकेतच तसा फोटो होता.

"कबूल," ती म्हणाली.

अशा रीतीने एका मुख्याध्यापिकेने स्वतःच्या आईला उठाबशांची शिक्षा दिली.

तळघरात लोखंडी घडीच्या खुर्च्या गोल मांडलेल्या असत. बाराजणं येत. आधी टाचा वर, मग चवडे वर, मग बसल्या बसल्या चालायचं. वजनं म्हणून हातात वाटाण्याचे डबे. राग्नाच्या समोर ऑर्व्हल हॉगन बसे. तो शहाऐंशी वर्षांचा, विधुर, सेल्मरचा बालमित्र. हयातभर त्याने बीट काढले आणि गाई पाळल्या.

"माझ्या गाई मेल्यावरसुद्धा याच्यापेक्षा जास्त हलायच्या," पहिल्याच दिवशी तो म्हणाला.

"ऑर्व्हल, टाच वर," जोलीन म्हणाली.

"वरच आहे ती."

"तुमचा बूट वर आहे. टाच आत खालीच आहे."

भिंतीवर वयाप्रमाणे उठाबशांचा तक्ता लावला होता. ऑर्व्हलने तो चष्मा काढून, घालून, दोन्ही प्रकारे वाचला. "राग्ना, हे बघ. नव्वदीच्या बाईला चारच पुरतात. सहा वर्षं नुसती बसून राहा, आपोआप पास होशील."

"बसून राहिलं तर नव्वदी येत नाही," जोलीन म्हणाली.

राग्नाने वाटाण्याचा डबा उचलला.

ती घरीही सराव करू पाहत होती, पण घरातलं फर्निचर तिच्या विरुद्ध होतं. बैठकीतली खुर्ची मार्लिसनेच भेट दिलेली. बटण दाबलं की ती स्वतः वर यायची आणि माणसाला पुढे ढकलून द्यायची. त्यात उठण्याचं श्रेय खुर्चीला जायचं. सोफ्यात बसलं की माणूस जिरून जायचा. स्वयंपाकघरातली खुर्ची चांगली टणक होती, पण समोर टेबल होतं. टेबल दिसलं की हात आपोआप पुढे जायचा. राग्ना हाताला दटावायची, हात ऐकायचा नाही. शरीर हे एक जुनं घर आहे, त्यात आपण मालक म्हणून राहतो अशी आपली समजूत असते. मग एक दिवस कळतं, की हात, गुडघे, कंबर हे सगळे भाडेकरू आहेत आणि त्यांनी आपसात काहीतरी ठरवलेलं आहे.

तरीही मार्चच्या शेवटी तिच्या सहा झाल्या. परीक्षेआधीच्या गुरुवारी सात. आठवी अर्ध्यावर राहिली.

झावळ्यांच्या रविवारी ती चर्चला उशिरा पोचली. कारण पायातले जोडे. चर्चला जायचे काळे जोडे की व्यायामाचे पांढरे, याचा निर्णय होईना. चौऱ्याऐंशी वर्षांत ती पांढरे जोडे घालून देवासमोर गेली नव्हती. शेवटी देवापेक्षा जोलीनची परीक्षा जवळची वाटली. पांढरे घातले.

लुथरन पंथाचा माणूस चर्चमध्ये मागून बसायला सुरुवात करतो. ज्याला उशीर होतो त्याला पुढे बसावं लागतं, आणि हीच त्याची शिक्षा. त्या दिवशी मुलाबाळांसकट पाहुणे आले होते, मागची सगळी बाकं भरलेली. शेवटच्या बाकावर मार्लिसचा निळा कोट तिला दिसला. पण जागा होती ती फक्त अगदी पुढे, पहिल्या बाकावर. पहिल्या बाकावर १९७४ साली एक माणूस बसला होता, तो परगावचा मेथडिस्ट, म्हणजे दुसऱ्याच पंथाचा, निघाला. त्यानंतर कुणी बसलं नव्हतं. राग्ना खाली मान घालून गेली आणि बसली.

पहिलं गीत सुरू झालं, ती उभी राहिली आणि चमकली. तिच्या एका हातात त्या दिवशी दारात सगळ्यांना वाटतात ती झावळी होती, दुसऱ्या हातात गीतांचं पुस्तक. मग ती उठली कशाने? समोर धरायला बाक नव्हतंच. बसायचं लाकूड टणक, उंची अगदी खुर्चीएवढी. हात अडकलेले, त्यामुळे त्यांना कारस्थान करायला वाव नव्हता. नुसत्या पायांवर ती उठली होती, आणि गुडघ्यांना ते कळायच्या आत उभी होती.

पुढे बायबलमधलं प्रभूच्या दुःखसहनाचं वाचन होतं. ते दोन अध्याय चालतं आणि बसून ऐकायचं असतं. पाळकबाई मेलिंडा वाचायला लागल्या. त्या गावात सहा महिन्यांपूर्वी अॅरिझोनाहून आल्या होत्या. त्यांची नजर पुस्तकात होती. राग्नाने विचार केला, पहिल्या बाकावर कुणी बसत नाही, म्हणजे तिकडे कुणी बघतही नसणार. एकदा करून बघू.

ती उठली. क्षणभर थांबून बसली.

यात तिची चूक एकच झाली, पण ती खास व्हेस्टबीची चूक होती. तिथे उपासनेत कधी उठायचं हे कुणाला पाठ नाही. सगळ्यात पुढे, दुसऱ्या बाकावर, स्लेटन नवरा-बायको बसतात. ते छापील कागद बघून उठतात, बाकीचे स्लेटनांना बघून उठतात. पण त्या दिवशी स्लेटनांच्याही पुढे कुणीतरी होतं. मिसेस स्लेटनने कागद पाहिला, राग्नाची पाठ पाहिली, आणि कागदच चुकला असणार असं ठरवून ती उठली. तिच्यामागे मिस्टर स्लेटन. त्यांच्यामागे सगळं चर्च. सत्तर माणसं, निम्म्यांचे गुडघे कृत्रिम. सगळी उठेपर्यंत राग्ना बसलेली होती, म्हणून सगळी बसली. बसतात न बसतात तोच ती पुन्हा उठली.

तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. पाठीमागे दर वेळी मोठा करकर आवाज येत होता. तिला वाटलं, नदीचा बर्फ फुटतोय. एप्रिल लागला होता, फुटण्याचे दिवसच होते.

वाचनात पेत्राने येशूला तिसऱ्यांदा नाकारलं तेव्हा ती सहाव्यांदा उठली. लोक येशूऐवजी बरब्बाला सोडा म्हणाले तेव्हा आठव्यांदा. लोकांकडे पाठ करून बसलेल्या ऑर्गनवाल्या बाईने समोरच्या आरशात पाहिलं, सगळे उभे दिसले. गीत आलं असं समजून तिने दणक्यात सुरुवात केली, आरशात सगळे बसलेले दिसले तशी ती घाबरून थांबली. पाळकबाईंनी मान वर केली, समोर सत्तर माणसं लाटेसारखी खाली जाताना पाहिली, आणि त्या पुन्हा वाचू लागल्या. आल्या आल्या त्यांनी तळघरातलं कॉफीचं भांडं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर हलवलं होतं, त्यावरून चार महिने गाव त्यांच्याशी थंडीबद्दलच बोलत होतं. तेव्हापासून त्यांनी इथल्या कुठल्याही गोष्टीला 'का' विचारणं सोडलं होतं.

राग्नाने अकरा काढल्या. मग ती दमून, आनंदाने बसून राहिली.

तळघरात ती उतरली तेव्हा माणसं भिंतींना टेकली होती. सगळ्यांसाठी भट्टीत भाजलेलं, वर बटाट्याच्या गोळ्या लावलेलं हॉटडिश तसंच पडलं होतं, कारण ते घ्यायला टेबलापर्यंत चालावं लागणार होतं.

"आज वेगळं होतं," मिसेस स्लेटन म्हणाली. व्हेस्टबीत याहून कडक टीका करता येत नाही.

"वेगळं होतं," मिस्टर स्लेटन म्हणाले.

"सैन्यात होतो तेव्हासुद्धा एवढी कवायत नव्हती," ऑर्व्हल म्हणाला. तो डावा गुडघा चोळत होता.

पाळकबाई भरल्या डोळ्यांनी पुढे आल्या. "मला तुमचे आभार मानायचेत. प्रभूच्या प्रत्येक दुःखाबरोबर उठायचं, ही तुमच्या पूर्वजांची प्रथा... मी असं कुठे पाहिलं नव्हतं."

सगळ्यांना ती पाळकबाईंचीच नवी टूम वाटली होती. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग हळूहळू सगळ्यांनी राग्नाच्या पांढऱ्या जोड्यांकडे पाहिलं.

गर्दीतून मार्लिस आली. तिचा चेहरा लाल होता आणि तिला धाप लागली होती. "आई! तू वर काय करत होतीस?"

"सराव."

"अख्खं चर्च उठबस करत होतं!"

"का बरं?"

"तू उठत होतीस म्हणून!"

राग्नाने हातातली झावळी खाली ठेवली. तिने ऑर्व्हलकडे पाहिलं, मिसेस स्लेटनकडे पाहिलं. सत्तर माणसं, आणि एकालाही "राग्ना, खाली बस" म्हणवलं नव्हतं. तिचे कान तापले.

"परीक्षा दुपारी घेऊ," मार्लिस जरा मऊ होऊन म्हणाली. "तू दमलीस."

"ठरलं ते ठरलं. आत्ता."

जोलीनने लोखंडी खुर्ची भिंतीला लावली. राग्ना बसली, हात छातीवर घेतले. सगळ्या तळघराने नजर आपापल्या कॉफीच्या कपात घातली.

"सुरू," जोलीन म्हणाली.

पहिल्या चार सहज झाल्या. पाचवीला मांड्या थरथरल्या. वरच्या मजल्यावर तिने सगळं बळ उधळून टाकलं होतं, हे तिला आता कळलं. सहावी. सातवीला तिने श्वास सोडला तो भाता फुटल्यासारखा. आठवी इतकी सावकाश झाली की कुणीतरी कपातून नजर वर काढली. ती बसली, आणि नववीसाठी निघाली. बूड खुर्चीवरून सुटलं, आणि जोलीन म्हणाली, "थांबा."

राग्ना धपकन खाली बसली.

"आठ," जोलीन म्हणाली. "पण नियम असा आहे, की शेवटची अर्ध्यापेक्षा जास्त झाली असेल तर ती धरायची. म्हणजे नऊ. मी मात्र घड्याळाकडे बघत होते. कुणी पाहिलं?"

कुणीच पाहिलं नव्हतं, म्हणजे सगळ्यांनी पाहिलं होतं.

"अर्ध्याच्या खाली होती, असं मी तरी म्हणणार नाही," ऑर्व्हल म्हणाला.

"वर नव्हती, असं कुणी ठामपणे म्हणू नये," मिसेस स्लेटन म्हणाली.

"म्हणजे होती की नव्हती?" मार्लिस कडाडली.

"आता कसं आहे," मिस्टर स्लेटन म्हणाले, "तसं बघायला गेलं तर..."

आणि ते थांबले. इतकी मदत गावात यापूर्वी कुणी कुणाला केली नव्हती.

राग्नाला काही करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात तिचा हातखंडा होता. पक्ष्यांचं घरटं, कोठार, आणि त्यापलीकडचं सगळं तिचंच राहणार होतं. पण ऑर्व्हल अजून गुडघा चोळत होता. तिच्यापायी त्याने अकरा उठाबशा काढल्या होत्या आणि आता तिच्यापायी तो चर्चच्या तळघरात खोटं बोलत होता. शहाऐंशीव्या वर्षी माणसाकडून किती काढून घ्यायचं?

"नव्हते अर्ध्याच्या वर," राग्ना म्हणाली. "चार बोटं उचलले गेले असेन. आठच."

मार्लिसने दुसरी खुर्ची ओढली आणि ती आईसमोर बसली. आवाज मुख्याध्यापिकेचा नव्हता.

"आई, जानेवारीत किती वेळा पडलीस?"

राग्नाने छातीवरचे हात खाली घेतले.

"दोनदा," राग्ना म्हणाली.

"आणि डिसेंबरात?"

"एकदा. पण ती बर्फावर. बर्फावरचं धरत नाहीत."

"बरोबर आहे," ऑर्व्हल म्हणाला. "बर्फावरचं नाही धरत."

मार्लिसला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडूही आलं. तिने दोन्ही कागदी रुमालात गुंडाळलं. "मला प्रत्येक गोष्ट दुकानातून कळते गं. बाबा आजारी होते तेही दुकानातून कळलं. तू आठ काढ, चार काढ, पण मला सांग तरी." तिने नाक पुसलं. "ऐक. तुझं घर राहू दे. व्यायाम सोडायचा नाही. आणि मी रोज सकाळी सातला फोन करीन. कशी आहेस, म्हणून विचारीन. ज्या दिवशी 'बरी आहे' म्हणशील, किंवा 'वाईट नाही' म्हणशील, त्या दिवशी येऊन सामान बांधीन. कबूल?"

राग्नाला वाटलं, याच्यापेक्षा नऊ उठाबशा सोप्या होत्या. पण ती म्हणाली, "कबूल."

सोमवारी सकाळी सातला फोन वाजला. राग्ना स्वयंपाकघरात, टणक खुर्चीवर बसली होती.

"कशी आहेस, आई?"

सवयीने शब्द ओठांपर्यंत आला. तिने तो गिळला. मग ती म्हणाली, "मांड्या ठणकतायत."

"अजून?"

"रात्री दोनदा उठले. एकदा पाण्याला, एकदा उगीच. उगीच उठले तेव्हा तुझे बाबा आठवले. ते घोरायचे, मला त्याचा फार राग यायचा. पोट साफ नाही. तो नवा दलिया मला आवडत नाही, तूच आणून देतेस म्हणून खाते. ती ढकलणारी खुर्चीही नाही आवडत. तुझे केस पूर्वीचे बरे होते. मेपल टेरेसला मी फार घाबरले होते. आणि डावा पाय सकाळी उठल्या उठल्या लाकडासारखा असतो, मग तो हळूहळू..."

"आई," मार्लिस म्हणाली, "आठ वाजत आले. मला शाळेत जायचंय."

"थांब," राग्ना म्हणाली. "अजून उजवा पाय राहिलाय."